आवाजाचा खोडवा

आपलाच आवाज पाठीमागून येऊन आपल्याला हटकतो, असं कुणाचं झालंय का? लासुर्ण्याच्या प्रगतीचं झालं. इंदापूरच्या आठवडे बाजारात, भर दुपारी, एका हातात मेथीच्या जुड्या आणि दुसऱ्या हातात आईची पिशवी असताना.

"ए टोणग्या! खांबावानी उभा काय ऱ्हायलास? पिशवी उघड! बायकू वाट बघतीया घरी, आन् तू रिकाम्या हातानं निगालास व्हय रं? पेरू घे, पेरू!"

आवाज तिचा. ठसका तिचा. 'टोणग्या'तला 'ट' दगडावर आपटल्यासारखा आपटायची खोडसुद्धा तिचीच. फक्त वाक्य तिचं नव्हतं. असलं वाक्य तिनं जन्मात उच्चारलं नव्हतं. पेरूचा आणि तिचा संबंध खाण्यापुरता.

"आये, मी बोलले का आत्ता?"

"तुझं तोंड तर मिटल्यालं हाय," तानूबाई म्हणाली. "म्हणूनच मला भ्या वाटलं."

बाजाराच्या तोंडाशी एक पांढरा टेम्पो उभा होता. टपावर भोंगा, मागं पेरूचे क्रेट, आणि तराजूपाशी बाह्या दुमडलेला एक उंच तरणा गडी. भोंगा खेकसत होता, लोक हसत होते, हसता हसता पिशव्या उघडत होते. धंदा जोरात.

डोक्याला पटका बांधलेला एक म्हातारा पेरू निवडून तराजूत टाकत होता. भोंगा पुन्हा ओरडला... "बायकू वाट बघतीया घरी!" म्हाताऱ्याचा हात तिथंच थांबला. त्यानं निवडलेले पेरू एकेक करून परत क्रेटात ठेवले आणि गर्दीत निघून गेला.

"गेणबाची म्हातारी गेली की दिवाळीत," लसूणवाली शेजारणीला म्हणाली.

टेम्पोवाल्याचं हसू विझलं. त्यानं बटणाकडं हात नेला, पण प्रगती त्याच्या आधी पोचली. भोंग्याची वायर तिनं मुठीत धरली आणि हरभऱ्याचा डहाळा उपटावा तशी उपटली.

"ओ बाई! काय करताय? दुपारचा धंदा हाय!"

"धंदा गेला खड्ड्यात. हा आवाज कुणाचा हाय?"

"'तोंडाचा पट्टा'वाल्या प्रगतीचा. तुमाला म्हाईत न्हाय? सगळा महाराष्ट्र शिव्या खातो त्यांच्या..." एवढं बोलून तो थांबला. मान तिरकी करून त्यानं तिच्याकडं पाहिलं. "तुमी... परत बोला बरं काईतरी."

"काय बोलू? मुडदा बशिवला तुझा!"

"त्याच की हो!"

शिवी खाऊन एवढा खूश झालेला माणूस प्रगतीनं पहिल्यांदाच पाहिला. तो आता तिच्या तोंडाकडं बघत नव्हता, हातांकडं बघत होता. तेही खरंच होतं. तिच्या व्हिडिओत चेहरा कधी दिसलाच नव्हता. दिसायचे ते हात, भाकरी थापणारे, मिरच्यांचे देठ खुडणारे, आणि वरून तो आवाज. कुणी लिहून पाठवायचं, माझा नवरा डबा घासत नाही, माझा पोरगा आईला फोन करत नाही. प्रगती आधी चार गोष्टी विचारून घ्यायची. डबा कुठं ठेवतो, फोनवर शेवटचं काय बोलला. मगच तोंडाचा पट्टा सुटायचा. तिची शिवी बरोबर त्याच माणसाच्या मापाची असायची, शिंप्यानं माप घेऊन शिवल्यासारखी. म्हणून तर ज्याला बसायची तोच दुसऱ्यांना ऐकवत फिरायचा.

"चोरलास तू माझा आवाज."

"चोरला न्हाय बरं का! बारामतीच्या कंपनीकडनं रीतसर विकत घेतला. काय बोलायचं ते लिवून दिलं, दुसऱ्या दिवशी फोनवर आलं. मला वाटलं तुमी बसून बोलला असाल माझ्यासाठी." शेवटचे दोन शब्द त्यानं जरा हळूच म्हटले.

"मी बोललेच न्हाय!"

"मग कोण बोललं?"

दोघांनी एकदमच वर भोंग्याकडं पाहिलं. उपटलेली वायर वाऱ्यावर हलत होती.

त्याचं नाव ज्ञानेश. इंदापूरच्या अलीकडं त्याची पेरूची बाग. तुटलेली वायर हातात घेऊन तो म्हणाला, "आता माल कसा विकू?"

"तोंड हाय की."

त्यानं घसा साफ केला. "पेरू घ्या हो... गोड हाईत..." हा आवाज त्याच्या स्वतःच्या कानापर्यंत तरी पोचला की नाही कोण जाणे. एवढा दांडगा गडी आणि आवाज असा, पाहुण्यांसमोर चहा नको म्हणणाऱ्या नवरीसारखा! लसूणवाली तोंडाला पदर लावून हसली. प्रगतीला हसायचं नव्हतं. तिचा राग डोक्यात ठणकत होता. पण असं रडतराऊत विकणं तिला बघवेना. मेथी आईच्या हातात देऊन ती टेम्पोच्या फळीवर चढली.

"ए लाल टोपी! व्हय, तूच. पोरगी मागं चालतीया, तिच्या हातात वझं, आन् तुझ्या हातात मोबाईल? काय नाव गं पोरी तुझं? काय खातीस?... ऐकलंस का रं उंडग्या? पेरू म्हणतीया ती. काढ पाकीट!"

लाल टोपीवाला लाजला, हसला, पेरू घेऊन गेला. क्रेट रिकामे झाले. ज्ञानेशनं राखून ठेवलेला एक पेरू चाकूनं उभा चिरला, मधल्या बिया कोरून काढल्या, तिखटमीठ भुरभुरलं आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर तिच्यापुढं धरला.

"लाच देतोस?"

"माफी मागतो," तो म्हणाला. "गेणबा आमच्याच वस्तीवरचा. तेवढं आधी सुचायला पायजे व्हतं मला."

पेरू गोड होता. तिनं तसं सांगितलं मात्र नाही.

*

आता ही कंपनी कुठून आली, तेही सांगितलं पाहिजे.

राजवर्धन म्हणून एक माणूस. बारामतीत काचेचं ऑफिस, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं खडीसाखरेचं. गेल्या वर्षी लासुर्ण्याला घरी येऊन, चटईवर मांडी घालून, 'ही मला मुलीसारखी' असं सांगत तानूबाईच्या हातचा चहा पिऊन म्हणाला, "ताई, तुमच्या चॅनलची आमच्याकडे नोंद करून टाका. बाकी सगळं आम्ही बघतो."

नोंद! हा शब्द तिला नवा नव्हता. बापाच्या उसाची दरसाल कारखान्याला नोंद व्हायची. नोंद म्हणजे काय, तर ऊस कारखान्याला जाणार. पीक त्यांचं, शेत आपलं. प्रगतीनं चॅनलची 'नोंद' ऐकली आणि ऊस डोळ्यांपुढं आणून सही केली. कुणीही केली असती त्या पट्ट्यात. पुढं एकदा तिला ऑफिसात दिवसभर बसवलं आणि तिच्याकडून अख्खी बाराखडी म्हणून घेतली, आधी साधी, मग रागात. क, का, कि, की, रागात! तिला वाटलं माईक तपासतायत. वर म्हणाले, ताई आता जरा आराम करा. तिला वाटलं, बघा किती माया लावतात.

माया! बैलाला आंबोण घालणाऱ्यालाही माया येत असेल, पण निदान तो बैलाला जू दाखवतो तरी.

बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी ती आईला घेऊन बारामतीत हजर झाली.

"रागावू नका ताई," राजवर्धन म्हणाला. "ही तर आनंदाची गोष्ट आहे. तुमची ती बाराखडी घेऊन आमचं यंत्र बोलतं, तुम्ही झोपलेल्या असतानाही तुमचा आवाज काम करतो."

"मी झोपलेली असताना माझं तोंड कोण उघडतं, ते मला कळाया नगं?"

"तुमचं एकटीचं नाही ना आता ते. आपलं आहे."

"आपलं म्हंजी?"

तो हसला. "म्हणजे कंपनीचं."

"तुमी नोंद म्हणला व्हता!"

"नोंदच की. नाव, व्हिडिओ, आवाज... सगळ्या हक्कांसह, कायमची. तुम्ही सही केलीत ताई."

कायमची. म्हणजे पीक नव्हे, शेत गेलं होतं. तिला ते गेल्याचं कळलंसुद्धा नव्हतं. ऊस तोडून नेल्यावर रानात खोडकी उरते, तिला नुसतं पाणी पाजलं की पुन्हा फुटवा येतो. नवं बेणं नको, नवी लागण, म्हणजे लागवड, नको. त्याला खोडवा म्हणतात.

"म्हंजी माझ्या आवाजाचा खोडवा घेताय तुमी."

"शेतीच्या भाषेत म्हणायचं तर तसंच." आणि दारापर्यंत सोडायला येऊन तो गोड आवाजात म्हणाला, "दुसरीकडे कुठे व्हिडिओ टाकू नका हं. उगाच कटुता नको."

एसटीत बसल्यावर प्रगतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते रडू नव्हतं, चीड होती. बाहेर उसाच्या जोडट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या होत्या. हवेत कारखान्याच्या मळीचा आंबूस वास भरला होता. खिडकीची काच ओढून घेत तानूबाई म्हणाली, "फिरून लागण कर."

"शेत कुठं ऱ्हायलं आये?"

"तुझ्या तोंडात. तोंड काय त्याच्या टेबलावर ठिवून आलीस?"

*

पुढच्या बाजारी ती पुन्हा इंदापूरला गेली. मेथी घरामागंच उगवलेली होती. तरी गेली.

ज्ञानेशनं टपावरचा भोंगा काढून टाकला होता. आणि मागच्या फळीवर गोणपाटाची घडी घातलेली. उभं राहताना तिच्या पायाला खिळे टोचू नयेत म्हणून. हे त्यानं सांगितलं नाही, तिनं पाहिलं. आणि पाहिलं ते त्याला दाखवलं नाही.

त्या हिवाळ्यात कंपनीनं तिचा आवाज दळण घातल्यासारखा विकला. टायरच्या दुकानात तिचा आवाज. लस्सीच्या गाड्यावर तिचा आवाज. एक मालट्रक मागं येताना ओरडायचा, "मागं व्हा मुडद्यांनो!" ऐकून तिचं रक्त उकळायचं. बाजारात मात्र तिची शिवी ताजी असायची, तव्यावरून थेट ताटात. लोक आपणहून येऊन फळीसमोर उभे राहायचे... आमच्या ह्यांना जरा बोला की वो. ती आधी विचारायची. मगच बोलायची.

"एक ध्यानात आलं का तुमच्या?" ज्ञानेश एकदा म्हणाला. "भोंग्याला आता कुणी हसत न्हाय. त्यो लस्सीवाला सुद्धा म्हणला, बंद केला मी."

"खोडव्याला उतारा पडत न्हाय लागणीवानी. दुसऱ्या सालापासनं घटतोच."

"तेच की. त्यांनी आवाज घेतला, पण तुमी आधी इचारता ते घ्यायचं ऱ्हायलं त्यांचं."

हे तिला कुणीच म्हटलं नव्हतं. लोक म्हणायचे, काय ठसका हाय! यानं ठसक्याच्या आधीचं ओळखलं होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली, जरा जास्तच वेळ. तराजूत वजन टाकायचं सोडून तोही...

"काय बघतोस टोणग्या? गिऱ्हाईक उभं हाय!"

"बघा," तो हळूच म्हणाला. "रागात असला की तुमी मला 'तू' म्हणता."

"मग?"

"मग काय... मी राग यायची वाट बघत असतो."

 प्रगतीनं एक पेरू उचलून त्याला फेकून मारला. त्यानं तो झेलला आणि पुसून खिशात टाकला. त्या बाजारापासून ती त्याला राग नसतानाही 'तू' म्हणू लागली. आणि तोही, एक दिवस चुकून, मग दुसऱ्या दिवशी न चुकता.

तो तिला टेम्पोतून लासुर्ण्याच्या फाट्यापर्यंत सोडायचा. ट्रॉल्यांनी रस्ता अडला की दोघंही ट्रॉलीवाल्याला शिव्या द्यायचे, आणि रस्ता मोकळा झाला की दोघांचंही तोंड उतरायचं.

*

आणि मग त्या शहाण्यानं घाण केली.

मनानं चांगला होता, पण बागायतदार गडी. दुखणं दिसलं की लगेच फवारा मारायचा, एवढंच ठाऊक. एका दुपारी फाट्यावर टेम्पो थांबवून त्यानं फोन तिच्यापुढं धरला. चेहरा असा उजळलेला, जसा काही वरातीतल्या नवरदेवाचा.

"उघडलं नवं चॅनल! तुला कंपनी अडवती, मला कोण अडवणार? समदं माझ्या नावावर हाय. तू फकस्त बोल."

प्रगतीनं फोनकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

"तुझ्या नावावर?"

"नावापुरतं गं."

"राजवर्धन बी हेच म्हणला व्हता. फकस्त त्याच्या शर्टाला इस्त्री व्हती."

ज्ञानेशचा चेहरा पडला, मग लाल झाला. "मी आन् त्यो सारखा? मी तुझ्या भल्यासाठी..."

"मला इचारलंस? एका शब्दानं? दुसऱ्याला शिवी द्यायची म्हणलं तरी मी चार गोष्टी इचारून घेती. तू माझं आख्खं तोंड नावावर करून घेतलंस आन् मला वाढदिवसाची भेट द्यावी तसं सांगतूस?"

"अगं, प्रेमानं केलं मी!"

शब्द निघून गेला. पहिल्यांदाच निघाला, आणि निघाला तो असा, भांडणात, चिखलात पडल्यासारखा.

"त्यानं गोड बोलून घेतलं," प्रगती म्हणाली. "तू प्रेमानं घेतलंस. घेणं त्येच."

ती टेम्पोतून उतरली आणि उसाच्या कडेकडेनं चालत सुटली. मागं वळून पाहिलं नाही. वळली असती तर त्याला तिचे डोळे दिसले असते, आणि तिला ते दाखवायचे नव्हते.

त्यानंतरच्या बाजारांना ती गेली नाही. त्याचाही फोन आला नाही. न आलेल्या फोनचाही तिला राग आला. भाकरी थापताना ती परात अशी आदळायची की तानूबाई म्हणाली, "त्याचा राग पितळेवर नगं काढू. मला आंदण आल्याली हाय."

*

बारामतीत बचत गटांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तानूबाईच्या गटाचाही पापड-सांडग्यांचा स्टॉल होता. प्रगती आईच्या मदतीला गेली. जाते तर काय, मांडवाच्या मधोमध कंपनीचा मोठा पडदा! वर लिहिलेलं, 'तोंडाचा पट्टा'. खाली एका साडीच्या दुकानाची जाहिरात. समोर फोनवर माणसाची तक्रार लिहायची, की पडद्यातून प्रगतीचा आवाज त्याला झोडपणार.

हिरव्या साडीतली एक पोरसवदा बाई पुढं झाली. तिनं लिहिलं, नवरा बोलत नाही. पडदा कडाडला.

"ए मुक्या मुडद्या! बायकू काय भिंत हाय व्हय रं? जीभ काय उंदरानं खाल्ली?"

चार माणसं हसली. हिरवी साडी हसली नाही. ती मान खाली घालून बाजूला झाली, गेणबा झाला होता तशीच. प्रगतीच्या हातातला पापड मोडला. ती स्टॉलच्या बाहेर आली.

"कवापासनं बोलत न्हाय गं त्यो?"

बाई दचकली. आवाज पडद्यातून आला की माणसातून, तिला कळेना. "लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामाला व्हते. काम सुटलं, तवापासनं."

"जेवताना कुठं बसतो?"

"भिंतीकडं तोंड करून."

प्रगतीनं श्वास घेतला.

"ए घुम्या! काम सुटलं तुझं, तोंड न्हाय सुटलं! ती बायकू हाय तुझी, ठेकेदार न्हाय, तिच्यापुढं मान खाली घालाया. भिंतीला काय दावतूस तोंड? भिंत भाकरी वाढती तुला? फीर हिकडं! आन् आजच्या आज तिला सांग, मला भ्या वाटतंय म्हणून. तिला कवाच म्हाईत हाय बाबा. ती तुझ्या तोंडून ऐकायला थांबलीया!"

हिरवी साडी हसली आणि हसता हसता रडली. "परत म्हणाल का? फोनात घेते." तिच्यामागं दुसरी उभी राहिली. मग तिसरी. पडद्यासमोरची गर्दी पापडांकडं सरकली. सगळ्यांच्या हातात फोन, सगळ्यांचे वर.

राजवर्धन धावत आला. माईक हातातच होता त्याच्या, आणि घाईत तो बंद करायचं राहून गेलं.

"थांबवा यांना! हा आवाज आमचा आहे!"

साऱ्या मांडवात घुमलं ते. हा आवाज आमचा आहे. समोर जिती बाई उभी, तिचं तोंड उघडं, आणि हा इस्त्रीवाला म्हणतो आवाज आमचा. गलका थांबला. पापड तळणारीनं झारा कढईबाहेर काढला.

पहिली हलली ती तानूबाई. कमरेला पदर खोचून.

"तुझा आवाज? आरं, ह्या शिव्या माझ्या सासूच्या हाईत! तिनं तिच्या सासूकडनं घेतल्या, मी तिच्याकडनं खाल्ल्या, आन् पोरीला दिल्या. तुझी कंपनी कुठल्या सासूची रं?"

बायकांचा असा हशा उठला की मांडवाचं कापड हललं. मग प्रगती पुढं झाली. ती हसत नव्हती.

"राजवर्धनराव, तुमालाबी आधी इचारते. आमच्या घरी चा पिलात, तवा आईला काय म्हणला व्हता?"

त्यानं घाईघाईनं माईक बंद केला.

"पोरीवानी हाय माझ्या, म्हणला व्हता. ए साखरतोंड्या! पोरीवानी म्हणून पोरीचीच जीभ कापून नेलीस? मला नोंद म्हणलास आन् खरेदीखत केलंस! तुला ठाव व्हतं आमच्यात नोंद कशाला म्हणत्यात. तू हितलाच. परका असतास तर चुकला म्हणले असते. माझा राग इकलास तू, माझा! मला ज्याचं काळीज दुखतंय त्याच्याशी बोलायचं असतं, आन् तुझ्या यंत्रानं म्हाताऱ्याला त्याच्या मेलेल्या बायकूवरनं हटकलं, माझ्या तोंडानं! ती शिवी माझ्या जिवाला लागून ऱ्हायली. आता ही तुझी, तुझ्या मापाची. घाल अंगात आन् हिंड!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका नुसत्या बघत होत्या त्याच्याकडं, फोन समोर धरून. साडीच्या दुकानाचा मालक बाजूलाच उभा होता आणि त्याची सगळी गिऱ्हाइकं त्या मांडवात होती. तो चालत गेला आणि त्यानं पडद्याचं बटण स्वतःच्या हातानं बंद केलं.

"यंत्राचा आवाज काढून टाकतो," राजवर्धन शेवटी म्हणाला. माईक आता बंद होता. "कायमचा. तुम्ही हवं तिथं बोला. लिहून देतो. पण नाव आणि जुने व्हिडिओ कंपनीकडेच राहतील."

'तोंडाचा पट्टा' हे नाव तिनं स्वतः ठेवलेलं. सोडताना नजर पडद्यावरच्या त्या पाटीकडं गेली. पण ती म्हणाली, "ठिवा. उसाचं वाळल्यालं पाचट हाय ते."

"मग नवं नाव काय गं?" हिरव्या साडीनं विचारलं.

"न्हाय ठरलं अजून. ठरवीन मी."

*

मांडवाच्या फाटकाबाहेर, प्रदर्शनाच्या गर्दीला पेरू विकायला आलेला पांढरा टेम्पो उभा होता. फळीवर ज्ञानेश बसलेला. तिला बघून तो उठला, पण पुढं आला नाही.

"सगळं ऐकलंस?" प्रगती म्हणाली. राग अजून अंगातून उतरला नव्हता. गाल तापलेले होते.

"फाटकापत्तूर येत व्हता आवाज."

"मग आत का न्हाय आलास? येवढी एकटी भांडत व्हते मी. पाय मोडले व्हते?"

"उठलो व्हतो दोनदा." त्यानं टेम्पोची कडी हातानं घट्ट धरली होती. "पण भांडण तुझं व्हतं. मधी पडलो असतो, तर जिंकलीस त्यातलं निम्मं लोकांनी माझ्या नावावर लावलं असतं."

तिची नजर फळीवरच्या गोणपाटाच्या घडीवर गेली.

"ते चॅनल त्याच दिवशी मोडलं मी. फोन करून सांगणार व्हतो, पण म्हणलं... सांगितलं तर ते बी तुला काईतरी दिल्यावानी व्हईल. मला तुला काय द्यायचं न्हाय प्रगती. इचारायचं हाय. त्या दिशी इचारायचंच ऱ्हायलं, आन् भलतंच बोलून बसलो."

रस्त्यावरून उसाची ट्रॉली खडखडत गेली. धुरळा उडाला. तो खाली बसेपर्यंत दोघंही तशीच उभी राहिली. मांडवातून तानूबाई हाका मारत होती... पापड संपले, चला आता! प्रगतीनं 'आले' म्हणून ओरडून सांगितलं आणि हलली मात्र नाही.

"मी लासुर्णं सोडायची न्हाय," ती म्हणाली.

"मी अजून काय इचारलंच न्हाय."

"माझं नाव बदलायचं न्हाय. आन् माझ्या कामात तुझी सही कुठंच लागायची न्हाय."

"न्हाय लागायची."

"आन् रोज भांडीन."

"ते तर..." तो हसला, मग गंभीर झाला. ओठ ओले केले. घसा साफ केला, पहिल्या दिवशी बाजारात केला होता तसा.

प्रगतीनं एक पाऊल पुढं टाकलं. इतकं जवळ, की आता त्याला ओरडायची गरज उरली नव्हती.

"बोल की आता टोणग्या," ती म्हणाली, आणि बाजारात कुणी कधी ऐकला नव्हता इतका तिचा आवाज खाली आला. "आन् जे काय बोलशील, त्यातलं निम्मं माझं धर."